डॉक्टरकी किती वर्षांनी फळते?

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेले एक शेतकरी जाता जाता थांबले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोराला सरकारी कॉलेज लागलं नाही. खासगीत मिळतंय. दोन एकर विकू का? डॉक्टर झाला की पाच वर्षांत सगळं फिटंल." त्यांचा रक्तदाब का वाढला, ते मला तिथेच कळले.

हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून हिशेब मांडतो.

आधी काळ पाहू. एमबीबीएसला साडेचार वर्षे व इंटर्नशिप एक वर्ष. पुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षे. मधली प्रवेशपरीक्षेची तयारी धरली तर १८ व्या वर्षी शिरलेला मुलगा तज्ज्ञ होईपर्यंत २८ वर्षांचा होतो. डिप्लोमा केलेला त्याचा मित्र तोवर सात-आठ वर्षे कमावत असतो.

आता पैसा. समजा, ५० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ५३,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड ९६ लाखांवर जाते. शिकत असतानाचे व्याज वेगळेच. नव्या एमबीबीएसच्या पगारातून हा हप्ता वजा जाता हाती फार थोडे उरते.

मी सरकारी कॉलेजात शिकलो, डोक्यावर कर्ज नव्हते. तरी दवाखाना थाटल्यावर पहिली तीन वर्षे आधी जागेचे भाडे, मग कंपाउंडरचा पगार आणि उरले तर घरखर्च, असा क्रम होता. डॉक्टरकी फळते, पण उशिरा.

आणखी एक गोष्ट कडू आहे, पण सांगतो. डोक्यावर हप्ता असलेल्या डॉक्टरला नको ती तपासणी लिहिण्याचा आणि 'कट' घेण्याचा मोह लवकर होतो. म्हणजे ते कर्ज शेवटी रुग्ण फेडतो.

मग काय करावे? सरकारी जागेसाठी आणखी एक वर्ष देणे परवडते का, ते पाहावे. केंद्रीय प्रवेशफेरीतून खासगी जागा मिळाली असल्यास राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची चौकशी करावी. आणि सर्वांत आधी मुलाला विचारावे की, त्याला रुग्ण तपासायचे आहेत की केवळ नावापुढची पदवी हवी आहे?

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "गोळी वेळेवर घ्या, आणि जमिनीचा सौदा करण्याआधी पोराला माझ्याकडे घेऊन या."