वाळवंटातील शोधयात्रींची श्रेणी

काही खेळ मैदानावर खेळले जातात, तर काही पटावर. गेल्या अर्धशतकात या दोहोंपेक्षा वेगळा असा एक खेळ जगाच्या अनेक भागांत रुजला आहे. चार-पाच माणसे, थोडे कागद, पेन्सिली आणि फासे एवढ्या साहित्यावर तो तासन्‌तास रंगतो. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका स्वीकारतो. ती व्यक्ती काय बोलेल आणि कोणता मार्ग निवडील, हे तोच ठरवतो. म्हणून याला भूमिकांचा खेळ म्हणता येईल. खेळणाऱ्यांपैकी एक जण मात्र कोणतीही एकच भूमिका घेत नाही. तो कथेतील जग उभे करतो, त्यातील इतर पात्रांच्या वतीने बोलतो आणि खेळाडूंच्या कृतीचे परिणाम सांगतो. भारतीय नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द त्याला शोभून दिसतो. एखादी कृती साधेल की नाही याची शंका असेल, तेथे फासा टाकून निर्णय होतो.

या खेळाची मुळे युद्धखेळांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिक्षण देण्यासाठी नकाशावर लढाया खेळल्या जात. पुढे असे खेळ हौशी लोकांतही पसरले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात सेनापतीऐवजी एकेका साहसी व्यक्तीची भूमिका खेळाडूच्या वाट्याला आली आणि भूमिकांच्या खेळाचे आजचे रूप आकाराला आले. अनेक बैठकांतून चालणाऱ्या अशा एका दीर्घ कथेला ‘मोहीम’ म्हणतात.

श्रेणी कशासाठी हवी?

समजा, एखाद्या सूत्रधाराने आपल्या मोहिमेसाठी वाळवंट निवडले. पहिलाच प्रश्न असा उभा राहतो, की एकमेकांना अनोळखी अशी पाच पात्रे या उजाड प्रदेशात एकत्र का निघावीत? कोणी विद्वान आहे, कोणी कर्जबाजारी आहे, कोणी घर सोडून आलेली तरुणी आहे. त्यांना एका तांड्यात बांधणारे काहीतरी हवे. यासाठी शोधयात्रींची एक संघटना कल्पिणे हा उत्तम उपाय ठरतो. ती पात्रांना काम देते, उंट आणि सामग्री पुरवते आणि त्या बदल्यात काही नियम लादते.

अशा संघटनेसाठी ‘श्रेणी’ हा जुना भारतीय शब्द उपलब्ध आहे. प्राचीन भारतात एकाच व्यवसायातील लोकांच्या संघाला श्रेणी म्हणत. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ३००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २००० नाण्यांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १००० नाण्यांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च भागवायचा होता. राजघराण्यातील पुरुषाने आपले धन विणकरांच्या हाती सोपवावे, एवढी त्यांच्या श्रेणींची पत होती. काल्पनिक श्रेणीलाही अशी पत असावी लागते. लोक तिच्यावर विश्वास का ठेवतात, याचे उत्तर सूत्रधाराजवळ तयार नसेल, तर ती श्रेणी कागदावरचे नाव बनून राहते.

टंचाईतून जन्मणारे नियम

नवशिके सूत्रधार श्रेणीचे बोधचिन्ह, पोशाख आणि पदव्या आधी ठरवतात. वस्तुतः आरंभ टंचाईपासून करावा. १९९१ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठी ‘डार्क सन’ नावाचे एक वाळवंटी जग प्रसिद्ध झाले. त्यात पाणी दुर्मीळ आहे आणि धातूही दुर्मीळ आहेत. त्यामुळे लोक हाडांची, दगडाची आणि लाकडाची शस्त्रे वापरतात. एका टंचाईतून त्या जगातील शस्त्रे, व्यापार आणि सत्ता यांना रूप मिळते.

पाण्याचा साधा हिशेब मांडला तरी हे स्पष्ट होते. दहा माणसांचा तांडा एका विहिरीपासून २७० किलोमीटरवरच्या दुसऱ्या विहिरीकडे निघाला आहे. दिवसाला ३० किलोमीटर चालले, तर नऊ दिवस लागतील. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला आठ लिटर पाणी धरले, तर एकूण ७२० लिटर पाणी लागेल. एका उंटावर दीडशे किलोपर्यंत भार घातला, तर केवळ पाण्यासाठी पाच उंट हवेत. पहिल्याच रात्री त्यांतील एक उंट पखालींसह हरवला, तर उरलेले पाणी जेमतेम सात दिवस पुरेल. मार्ग मात्र नऊ दिवसांचाच राहतो. आता परत फिरावे, पाणी कमी प्यावे, की रात्री वेगाने चालावे? येथे राक्षस किंवा जादूगार आणण्याची गरजच उरत नाही.

श्रेणीचे नियम याच हिशेबातून निघतात. रोज सूर्यास्ताला सर्वांसमक्ष पखाली मोजाव्यात. सगळे पाणी एकाच उंटावर लादू नये. विहीर वापरणाऱ्याने ती उपसून स्वच्छ ठेवावी. वाटेत भेटलेल्या तहानलेल्याला पाणी नाकारू नये. हा शेवटचा नियम आधीच्या हिशेबाशी टक्कर घेतो. नियमांमध्ये असा विरोध असला, म्हणजे खेळाडूंना विचार करावा लागतो.

कामांची वाटणी

श्रेणीतील पदे मानासाठी नसून कामासाठी असावीत. वाटाड्या ताऱ्यांवरून दिशा धरतो. पाणक्या पखालींचा हिशेब ठेवतो. नकाशाकार रोजचा मार्ग आणि अंतर टिपून घेतो. कच्छ आणि राजस्थानच्या प्रदेशात पाऊलखुणांवरून माणसांचा आणि जनावरांचा माग काढणारे तरबेज लोक असतात. त्यांना पागी म्हणतात. असा एक पागी तांड्यात असला, तर वाळूवरील खुणाही बोलू लागतात. प्रत्येक खेळाडूकडे इतरांजवळ नसलेले एक कौशल्य असावे. त्यामुळे कोणाचेही मत डावलता येत नाही आणि भित्र्या पात्राचेही वजन राहते.

झेर्झुराचा शोध

कल्पनेला इतिहासाचा आधार मिळाला, की ती भक्कम होते. वाळवंटी शोधयात्रींच्या अशा एका संघाचे उदाहरण विसाव्या शतकात सापडते. नाईल नदीच्या पश्चिमेस पसरलेल्या लिबियन वाळवंटात झेर्झुरा नावाचे हरवलेले मरूद्यान आहे, अशी दंतकथा होती. मध्ययुगीन अरबी हस्तलिखितात तिचे वर्णन आढळते. तेथे शुभ्र नगरी आहे, वेशीवर कोरलेल्या पक्ष्याच्या चोचीत किल्ली आहे आणि आत राजा-राणी झोपलेली आहेत, असे त्यात म्हटले आहे.

या वाळवंटाचे नकाशे तेव्हा अपुरे होते. १९२३ साली अहमद हसनैन या इजिप्शियन प्रवाशाने भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून सुदानपर्यंत उंटांच्या तांड्याने प्रवास केला आणि अर्केनू व उवैनात ही पाण्याची ठिकाणे नकाशावर आणली. पुढे राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपल्या सोबत्यांसह मोटारींतून या प्रदेशात सफरी केल्या. तापलेल्या इंजिनातून निघणारी वाफ थंड करून तिचे पाणी पुन्हा वापरण्याची युक्ती त्यांनी योजली. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकते. म्हणून उभ्या सुईच्या सावलीवरून दिशा दाखवणारे सूर्य-होकायंत्र बॅग्नोल्डने वापरात आणले. १९३० साली सुदानमधील वाडी हाल्फा येथे या मंडळींनी ‘झेर्झुरा क्लब’ स्थापन केला.

१९३२ साली हंगेरियन प्रवासी लास्लो आल्माशी याच्या मोहिमेने गिल्फ केबीर या पठारात विमानातून एक हिरवी दरी पाहिली. पुढच्या वर्षी तेथील दऱ्यांची नावे आणि त्यांविषयीची माहिती आल्माशीला टेबू जमातीच्या माणसाकडून मिळाली. टेबू लोक त्या दऱ्यांत आपली गुरे चारत असत. उवैनातलाही हसनैनला गोरान लोकांची वस्ती आढळली होती. युरोपातील नकाशांवर जी जागा कोरी होती, ती कोणाची तरी ओळखीची कुरणे होती.

नकाशा कोणाचा?

या इतिहासाचा उत्तरार्ध सूत्रधाराने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि वाळवंटाचे हे ज्ञान शस्त्र बनले. १९४० साली बॅग्नोल्डने ब्रिटिशांसाठी ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे दूरवर टेहळणी करणारे पथक उभारले. आल्माशी मात्र जर्मनांच्या बाजूला गेला. १९४२ साली त्याने दोन जर्मन हेरांना लिबियातून वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या आस्यूतपर्यंत पोहोचवले. एका दंतकथेच्या शोधात असलेली माणसे परस्परांविरुद्ध उभी राहिली आणि शोधाच्या हौसेने जमवलेले ज्ञान दोन्ही सैन्यांच्या कामी आले.

काल्पनिक श्रेणीचा खरा कस येथेच लागतो. तांड्याला एक अज्ञात विहीर सापडते. तिच्याकाठी राहणारे लोक तांड्याला पाणी देतात, आजाऱ्याची शुश्रूषा करतात आणि निरोप देताना एवढेच मागतात, की ही विहीर नकाशावर दाखवू नका. नकाशा निघाला तर पाठोपाठ व्यापारी येतील, मग सैनिक येतील आणि विहीर आटेल. दुसरीकडे, आढळलेली प्रत्येक विहीर नोंदवावी असा श्रेणीचा नियम आहे. त्या नियमामुळेच पुढच्या तांड्यांचे प्राण वाचतात. शिवाय नगराच्या अधिपतीने या नकाशासाठी मोठे मोल देऊ केले आहे आणि तांड्यातील एकाचे कर्ज त्यातून फिटणार आहे.

अशा प्रसंगी फासा टाकून उत्तर काढणे उचित नव्हे. सूत्रधारानेही आपले मत लादू नये. त्याने केवळ परिणाम प्रामाणिकपणे दाखवावेत. विहीर लपवली, तर काही महिन्यांनी त्याच वाटेवर एखादा तांडा तहानेने मेल्याची वार्ता येऊ शकते. ती नोंदवली, तर परतीच्या प्रवासात त्या वस्तीची ओसाड घरे दिसू शकतात. खेळाडूंना दोन्हींपैकी एका परिणामाची जबाबदारी उचलावी लागते. कित्येकदा ते तिसरा मार्गही शोधतात. वस्तीतील लोकांनाच श्रेणीचे सभासद करावे आणि विहिरीवरचा त्यांचा हक्क नियमांत लिहावा, असे एखादा खेळाडू सुचवतो. मग सगळे मिळून श्रेणीची घटना पुन्हा लिहायला बसतात.

नियम हे कोणत्या तरी गरजेतून माणसांनीच केलेले असतात आणि गरज बदलली, की ते माणसांनाच बदलावे लागतात, ही गोष्ट अशा खेळातून सहज उमगते. गावची पाणीपुरवठा समिती असो, बचत गट असो वा सहकारी संस्था. तेथेही अपुऱ्या साधनांची वाटणी करायची असते आणि ज्यांचे म्हणणे ऐकले जात नाही अशांचा वाटा विसरायचा नसतो. काल्पनिक वाळवंटातील श्रेणी एका सायंकाळी उभी राहते आणि खेळ संपताच कागदांत गुंडाळली जाते. तिच्या निमित्ताने केलेला पाण्याचा हिशेब आणि न्यायाचा विचार मात्र खेळणाऱ्यांच्या मनात बराच काळ टिकून राहतो.