वाकळीच्या पोटातील वस्त्रे

आमच्या माळ्यावरील लोखंडी ट्रंकेत माझ्या आईच्या हातची एक वाकळ डांबराच्या गोळ्यांच्या वासात कित्येक वर्षे पडून होती. गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाचीने ती खाली काढली, फरशीवर पसरली आणि कात्रीच्या टोकाने तिच्या एका कोपऱ्याची शिवण हलकेच उसवावयास घेतली. वरचे फिकटलेले निळे इरकली लुगडे दूर होताच त्याखाली आईच्या हिरव्या लुगड्याचा पदर निघाला, पदराखाली वडिलांचे जुने धोतर, आणि धोतराखाली, अगदी पोटात, आणखी एका जीर्ण वाकळीचा पापुद्रा. त्याच्यावरचा धावदोरा लांब टाक्यांचा, किंचित तिरका जाणारा होता. आईचा टाका तर तांदळाच्या दाण्याएवढा आणि सरळ. भाची म्हणाली, "आत्या, हा टाका आजीचा नाही." खरोखरच नव्हता. तो माझ्या आजीचा, म्हणजे या मुलीच्या पणजीचा होता. सासूची विरलेली वाकळ टाकून न देता सुनेने ती आपल्या वाकळीत भर म्हणून घातली होती, आणि ही गोष्ट आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती.

भाची पुण्यातील एका महाविद्यालयात वस्त्ररचनेच्या शेवटच्या वर्षात शिकते. वापरून झालेल्या साहित्यातून पाच पोशाख तयार करावयाचे, त्यांचे फोटोशूट करून परीक्षकांपुढे ठेवावयाचे, आणि या सर्व कामात नव्या कापडाचा एक वारही विकत घ्यावयाचा नाही, असे त्या वर्षीचे काम तिला नेमून दिलेले होते. 'शाश्वत फॅशन' हा शब्द हल्ली नियतकालिकांतून वारंवार वाचावयास मिळतो. त्याचा अर्थ काय, तो कात्री, सुई आणि कॅमेरा यांच्यापर्यंत उतरतो तेव्हा त्याचे काय होते, हे त्या दोन महिन्यांत मला जवळून पाहता आले, म्हणून हा लेख.

मराठी घरात कापडाला मरण असे नव्हतेच. नऊवारी लुगडे पदराशी विरले की त्याचा चांगला भाग काढून मुलीला परकर-पोलके शिवीत; परकर आखूड झाला की त्याचे दुपटे किंवा कुंची होई, कारण तान्ह्या बाळाच्या अंगाला नवे खरखरीत कापड लावू नये असा शिरस्ता होता; दुपट्यांची बाळोती, बाळोत्यांच्या घड्या वाकळीत, आणि वाकळीतूनही जे उरे त्याचे चुलीपुढचे पोतेरे, नाहीतर देवळातील पहाटेच्या आरतीचा काकडा. शेवटी राहणारी राख परसात जाई. या व्यवहारास कोणी जमाखर्चाची वही ठेवली नव्हती. तथापि गृहिणीच्या मनात प्रत्येक कापडाचा हिशेब असे, आणि कोणता जिन्नस कोणत्या वर्षी कोणत्या पायरीवर उतरेल हे ती आधीच ठरवून ठेवी. दुपारच्या वेळी दारात बसून पाच साड्या आणि दोन पँटींच्या बदल्यात एक स्टीलचा डबा द्यावा की दोन, यावर तासभर घासाघीस करणारी बोहारीण ही या हिशेबाची दुसरी बाजू होती. घरात न मावणारे कापड तिच्या गाठोड्यातून जुन्या बाजारात जाई आणि तेथून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढे.

जुन्या कापडाचे नवे कापड करण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात कापड मोडून त्याचे तंतू केले जातात आणि त्या तंतूंचे पुन्हा सूत काततात. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने 1813 च्या सुमारास लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून सूत काढण्याची युक्ती सिद्ध केली. त्या कापडास 'शॉडी' म्हणतात, आणि आज त्या धंद्याचे जगातील एक प्रमुख ठाणे आपले पानिपत आहे. मराठी मनात पानिपत या नावाची जखम निराळीच. पण त्या शहरात देशोदेशींचे टाकलेले कोट व स्वेटर येतात, बायका त्यांची बटणे व चेन काढून घेतात, आणि मग तांबड्यांत तांबडे, निळ्यांत निळे असे रंगवार ढीग लावले जातात, जेणेकरून सूत पुन्हा रंगवावे लागू नये. चिंध्या म्हणून आलेला माल कोणी कपडे म्हणून विकू नये यासाठी तो कापून-फाडूनच देशात येऊ द्यावा असा आयातीचा नियम आहे. मात्र पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, आखूड तंतूंचे सूत कच्चे, आणि म्हणूनच या धाग्याची बहुधा घोंगडी व ब्लँकेटेच होतात. सूत आणि पॉलिस्टर यांची सरमिसळ असलेले कापड तर मोडावयास फारच कठीण. आणि आज आपल्या कपाटांत अशा सरमिसळीचेच कपडे किती तरी आहेत.

दुसऱ्या मार्गात कापड कापडच राहते. फक्त त्याचे रूप पालटते. आजीच्या वाकळीचा मार्ग हाच. त्यात यंत्र, पाणी, रंग जवळजवळ लागत नाहीत, लागतात ते हात आणि वेळ. एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या शेतापासून मोजल्यास, सुमारे 2,700 लिटर पाणी खर्च होते असा एक सर्वत्र उद्धृत होणारा अंदाज आहे. जुन्या सुती लुगड्यात ते पाणी आधीच जमा झालेले असते, आणि लुगडे फेकणारा ते पाणीही ओतून देत असतो.

प्लास्टिकच्या बाटल्यांपासून होणाऱ्या कापडाचा गाजावाजा मोठा आहे. बाटलीचे बूच आणि वेष्टन वेगळे करून, ती धुऊन तिचे कपटे करतात, ते वितळवून बारीक छिद्रांतून ओढतात आणि पॉलिस्टरचा धागा तयार होतो. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट गाला समारंभास अभिनेत्री एमा वॉटसन अशाच धाग्याचा पोशाख घालून गेली होती. 8 फेब्रुवारी 2023 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी संसदेत जे फिकट निळे जाकीट घालून आले तेही बाटल्यांचेच होते, आणि ते त्यांना बंगळुरूच्या ऊर्जा सप्ताहात इंडियन ऑइलने भेट दिले होते. बाटली उकिरड्यावर पडण्यापेक्षा जाकीट होणे केव्हाही श्रेयस्कर, हे मी निःसंकोच मान्य करते. परंतु बाटली हा शीतपेयांच्या धंद्याचा कचरा आहे, कापडधंद्याचा नव्हे. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, त्या कापडाची बहुधा होत नाही. आणि धुण्यागणिक त्यातून सूक्ष्म तंतू पाण्यात जातात ते जातातच. आपल्या दारचा चिंध्यांचा ढीग तसाच ठेवून शेजाऱ्याचे अंगण झाडावे, तसा काहीसा हा प्रकार आहे. भाचीने पाच पोशाखांत बाटलीच्या कापडाला जागा दिली नाही, याचे मला समाधान वाटले.

साहित्य गोळा करावयास पंधरवडा लागला. आमच्या गल्लीतील शिंपी मास्तरांच्या मशीनखाली चिंध्यांची गोणी असते. सदऱ्याच्या कापडावर मांडणी कितीही काटकसरीने केली तरी काखेच्या गोलाईपाशी, गळ्यापाशी तुकडे उरतातच, आणि मोठ्या कारखान्यांतही कापणीत शेकडा दहा-पंधरा कापड असेच वाया जाते असे मानतात. ती गोणी एरवी यंत्रे पुसण्याच्या कापडासाठी किंवा गाद्यांच्या भरीसाठी जाते. मास्तरांनी गोणी रिकामी करून दिली, पण आधी एक धडा दिला. प्रत्येक तुकड्याचा एक धागा ओढून ते काडीच्या ज्योतीवर धरीत: कागदासारखा जळून भुरभुरीत राख झाली तर सूत, जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर, आणि वितळून टोकाला काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, ताई," ते म्हणाले, "कापड डोळ्यांना फसवतं, आगीला नाही." संध्याकाळपर्यंत भाचीपुढे तीन ढीग झाले होते, आणि सुताचा ढीग सर्वांत लहान होता.

एक मोठी चूक घडली ती पैठणीच्या बाबतीत. वहिनीच्या आईची जांभळी पैठणी, तिची चोळी व घागरा करावयाचा असे ठरले; परंतु साडी उलगडून इस्त्रीसाठी ताणताच ती घडीघडीवर सरळ रेषेत चिरत गेली. तीस-चाळीस वर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या घडीवर ठिसूळ होते आणि जरीचे वजन तो ताण वाढवते. म्हणूनच जुन्या बायका वर्षातून एकदा साड्यांची घडी मोडून नवी घालीत. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. भरजरी शालू विकत घेऊन, जाळून त्यातील चांदी काढणारे लोक पूर्वी दारावर येत. त्यांना दिली असती तर निदान कोणाच्या उपयोगी पडली असती, असेही वहिनी त्राग्याने बोलून गेली. शेवटी तोडगा निघाला तो वाकळीतूनच. धोतराच्या मऊ कापडावर पैठणीचे शाबूत भाग मांडले, पदरावरचे मोर पाठीवर येतील अशी योजना केली, आणि रेशमाचा सगळा भार खालचे सूत उचलील इतक्या जवळ जवळ हातटाके घातले. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी कडेपासून आत, मध्याकडे शिवीत जातात. भाचीने तीच रीत घेतली, त्यामुळे कापड कोठेही झोळले नाही. या एका चोळीस अकरा दिवस लागले.

वाकळीचा भाचीने अंगरखा केला. तिचे थर वेगळे करावे की तसेच ठेवावे, यावर पुष्कळ विचार झाला. तसेच ठेवले तर मशीनची सुई मोडत होती. वेगळे केले तर पणजीचा टाका सुटत होता. अखेरीस तिने बाह्या व पाठ वाकळीचीच, अखंड कापून हाताने जोडली, कडेला इरकलीची उरेब पट्टी लावली, आणि उजव्या बाहीच्या आतील बाजूस मनगटापाशी वरचे थर तळहाताएवढे कापून तो जुना पापुद्रा उघडा ठेवला. बाही दुमडली तरच दिसेल, एरवी नाही.

या वाटेवर ती एकटी नाही. पुण्यातच करिश्मा शहानी खान यांची 'का-शा' ही वस्त्रसंस्था उरलेल्या व जुन्या कापडांतून पोशाख घडवीत आली आहे, आणि 'रीचरखा' या संस्थेत प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, त्यांच्या पट्ट्या कापून, चरख्यावर व हातमागावर त्यांचे कापड विणतात. बेल्जियमच्या मार्टिन मार्जेलाने 1989 साली फुटलेल्या चिनी मातीच्या बशा तारेने जोडून बंडी केली होती. तिचे छायाचित्र पाहताना मन थक्क होते, परंतु ती घालून बसावे कसे हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. फोटोशूटसाठी केलेल्या पोशाखाचे खरे संकट हेच आहे. छायाचित्रापुरते कपडे पाठीमागून टाचण्यांनी आवळतात, चिकटपट्टीने चिकटवतात, आणि चित्र निघाले की तो पोशाख कोणाच्याच मापाचा नसल्यामुळे पुन्हा कचऱ्यात जातो. भाचीने पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती की एकही टाचणी लागणार नाही, आणि प्रत्येक पोशाख ज्या माणसाच्या मापाने शिवला त्याच माणसाने तो घालावयाचा.

डिसेंबरातील एका रविवारी शनिवार पेठेतील एका वाड्याच्या चौकात छायाचित्रे घेतली. छायाचित्रकार तिचाच वर्गमित्र होता. त्याने प्रथम समोरून प्रकाश टाकला तेव्हा अंगरखा सपाट, जाडाभरडा, केवळ जुना दिसला. मग त्याने दिवे बंद केले आणि चौकात सकाळचे ऊन भिंतीच्या कडेने तिरपे उतरेपर्यंत आम्ही चहा घेत थांबलो. ते उतरले तसा प्रत्येक टाक्याच्या मागे सावलीचा एक ठिपका उमटला. टाक्या-टाक्यांमधील कापड किंचित फुगलेले दिसू लागले, आणि शेकडो टाक्यांची ती शेतातल्या तासांसारखी ओळ खांद्यापासून मनगटापर्यंत वळत गेली. काळोखी बाजू उजळावी म्हणून आम्ही दोघींनी एक धुवट पांढरी चादर धरून ठेवली होती. अंगरखा वहिनीच्या अंगावर होता. पन्नाशीच्या, कधीही कॅमेऱ्यापुढे नीट न उभ्या राहिलेल्या त्या बाईला "बाही जरा दुमड ना, आई," असे लेकीने म्हटले, तिने ती दुमडली, आणि आत पाहिले. तिला कोणी आधी सांगितले नव्हते. त्या क्षणाचे चित्र पाचही पोशाखांत उत्तम आले आहे, असे माझे मत.

सायंकाळी उरलेले तुकडे भाचीने गोळा केले. एका उशीच्या अभ्र्यात मावले. अंगरखा परीक्षकांकडून जानेवारीच्या अखेरीस परत आला. दुसऱ्या दिवशी थंडी होती. वहिनी तो घालून सकाळी दूध आणावयास गेली, आणि परतल्यावर खिडकीपाशी बसून खांद्याजवळ सैल झालेला एक टाका तिने काढला व आपल्या हाताने नवा घातला.