चूक सांगितली तर पुढचा रुग्ण वाचतो

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण डोसच्या जागी सॅनिटायझर आलंच कसं, हे नुसत्या शिक्षेने सुधारत नाही.

डॉक्टरकी शिकणारी मुलं अशा शिक्षा पाहून गप्प राहायला शिकतात. आरक्षणातून आलेल्यांना तर ‘कोट्यातला’ या टोमण्याचीही धास्ती. मात्र चूक लगेच सांगितली तर रुग्णावर वेळेत उपचार होतात; नोंद झाली तर सारख्या दिसणाऱ्या बाटल्या वेगळ्या ठेवता येतात. थोडक्यात टळलेली चूकही नोंदवावी.

पिंपरी-चाकणच्या कामगार कुटुंबांनो, औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि १८००-१८०-३०२४ या मोफत सरकारी क्रमांकावर कळवा. डॉक्टर होणाऱ्या लेकरांनाही सांगा: चूक लपवू नका.