एक्सप्लेनर : फेझ ते मराकेश एका दिवसात होतं, तरी घाई का नको?

मोरोक्कोतल्या फेझहून मराकेश साधारण ५०० किलोमीटर. एक्सप्रेसवेने दिवसभरात आरामात पोचता येतं. पण तिथल्या खऱ्या पाहण्यासारख्या गोष्टी सावकाशच घडतात.

फेझच्या मदिनात, म्हणजे जुन्या शहरात, गाडी शिरतच नाही. १९८१ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या गल्ल्यांत माल आजही गाढव-खेचरांवर जातो. इथल्या चुआरा टॅनरीत कातडी आधी चुन्याच्या आणि मग कबुतराच्या विष्ठेच्या हौदात भिजवतात. विष्ठेमुळे ती मऊ पडतात. कामगार हौदात उतरून कातडी पायांनी तुडवतात. वर गच्चीत पर्यटकांच्या नाकाशी मात्र पुदिन्याची काडी!

अझरूजवळ देवदारांच्या जंगलात थांबून पुढे ॲटलासच्या कडेकडेने मराकेश गाठता येतं.

तिथला खास पदार्थ तांजिया. उभट मडक्यात मांस, खारवलेलं लिंबू, लसूण, जिरं, केशर घालून तोंड कागदाने बांधायचं आणि मडकं हमामच्या भट्टीवाल्याकडे सोपवायचं. सार्वजनिक स्नानगृहाचं पाणी तापवणाऱ्या भट्टीच्या गरम राखेत ते तासन्‌तास शिजतं. वेगळं इंधन लागत नाही.

अडचण पाण्याची आहे. सलग दुष्काळामुळे २०२४ मध्ये मोरोक्कोतल्या अनेक शहरांत हमाम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवण्याचे आदेश निघाले. भट्टी थंड, तर राखही थंड. गॅसवर तांजिया होतो, पण तो मग साधा रस्साच.

रात्री खायचा असेल तर सकाळीच सांगून ठेवा.