पाणी काढलेली वाइन, माइक नसलेला गळा

10 ऑगस्ट 1913. इटलीतल्या व्हेरोना शहरात, रोमनांनी पहिल्या शतकात बांधलेल्या अरेनात, व्हर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘आयदा’ हा ऑपेरा उभा राहिला. त्यातल्या नायकाची, रादामेसची भूमिका गात होता जोव्हान्नी झेनातेल्लो, आणि या खटाटोपामागे डोकंही मुख्यतः त्याचंच. डोक्यावर छप्पर नाही, समोर भलामोठा वाद्यवृंद, दगडी पायऱ्यांवर हजारो माणसं. माइक नाहीच. मग वरच्या पायरीवर बसलेल्याला त्याचा आवाज ऐकू कसा आला?

ओरडून, असं वाटेल. पण तुतार्‍या, ढोल आणि रांगेनं बसलेल्या व्हायोलिनवादकांपुढे एका माणसाच्या फुफ्फुसांची मात्रा ती किती चालणार?

खरी गंमत कंपनसंख्येत आहे. वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. वर जाल तसा तो उतरत जातो, आणि 3000 हर्ट्झपाशी पोचेपर्यंत मैदान बरंचसं मोकळं झालेलं असतं. तयारीचा गायक नेमका तिथे घुसतो. स्वरयंत्र जरा खाली, त्याच्या लगेच वरची छोटीशी नळी अरुंद, तिच्यावरचा घसा ऐसपैस. एवढं जमलं की त्या नळीचा स्वतःचा नाद उठतो आणि आवाजातली ताकद त्या मोकळ्या पट्ट्यात एकवटते. कहर म्हणजे आपल्या कानाची नळीही साधारण याच कंपनसंख्येला सगळ्यात जास्त दाद देते! स्वीडनचे योहान सुंडबेरी यांनी 1970च्या दशकात हे मोजून उलगडून दाखवलं. गायनगुरूंनी मात्र ते कधीच नुसत्या कानानं हेरलं होतं. (उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोंचं गणित थोडं निराळं; त्यांचा मूळ सूरच इतका वर असतो की त्यांना या युक्तीची फारशी गरज पडत नाही.)

म्हणजे बळ वाढवलेलं नाही, गोळा केलेलं आहे. एवढं लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर चला.

ऑपेरा आणि वाइन एकत्र बांधलेल्या तीन-चार दिवसांच्या सहली व्हेरोनात उन्हाळ्यात निघतात. सकाळी शहराजवळच्या वाल्पोलिचेल्ला टेकड्यांतल्या वाइनरी, दुपारी निवांत झोप, रात्री नऊनंतर अरेना. मधल्या वेळात गाइड ज्युलिएटची बाल्कनी दाखवतो. ती विसाव्या शतकात बसवलेली आहे, तेव्हा तिथली गर्दी चुकवलीत तर काही बिघडणार नाही. त्यापेक्षा शहराच्या फरसबंदीकडे बघत चाला. गुलाबी दगडात वळ्यावळ्यांची चक्रं दिसतील. ते अ‍ॅमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारे जीव. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्राम त्यांचाच भाऊबंद! अरेनाचा गुलाबी-पांढरा दगडही वाल्पोलिचेल्लाच्या खाणींतून आलेला. 1117च्या भूकंपात अरेनाची बाहेरची भिंत कोसळली, चार कमानींचा तुकडा तेवढा उरला. रात्री ज्या दगडावर तुम्ही बसता, तो ज्या टेकड्यांतून आला, त्याच टेकड्यांवर तुमच्या ग्लासातली द्राक्षं पिकतात.

ती द्राक्षं म्हणजे मुख्यतः कोर्व्हिना, जोडीला कोर्व्हिनोने आणि रोंदिनेल्ला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडक घड तोडतात, आणि मग? लगेच चिरडत नाहीत. माळ्यावर नेऊन पसरतात. तासगावची बेदाणा शेड पाहिली असेल, तर हे दृश्य ओळखीचं वाटेल: एकावर एक रॅक, आरपार वारा, त्यावर एकेरी थरात घड. पण तासगावात माल आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि दोनेक आठवड्यांत बेदाणा हातात येतो. इथे बुडवणं नाही आणि घाईही नाही. शंभर-सव्वाशे दिवस घड नुसते पडून! शंभर किलोंचे साठ-सत्तर किलो उरतात, कारण पाणी उडून जातं. साखर, आम्ल, रंग मागे राहतात आणि दाट होत जातात. गायकाच्या आवाजासारखंच: बळ वाढवलेलं नाही, गोळा केलेलं.

बरं, तोडलेलं द्राक्ष मेलेलं नसतं. त्याचा श्वास चालू असतो, आपलीच थोडी साखर ते खात असतं, आणि पाणी कमी पडतंय असं दिसताच रेसव्हेरेट्रॉलसारखी संरक्षक द्रव्यं बनवणारी जनुकं जोरात चालू करतं. रॅकवर पडलेल्या सुरकुतलेल्या घडात एवढी धावपळ चालू असते!

मग भर थंडीत ते चिरडतात. थंडी आणि भरमसाट साखर यांमुळे यीस्ट कूर्मगतीनं काम करतं, आठवडेच्या आठवडे. मध्येच थांबलं की साखर उरते, आणि ती झाली गोड रेचोतो. बहुतेक सगळी साखर खाऊन टाकली, तर कोरडी, 15-16 टक्के अल्कोहोलची आमारोने. यातली रेचोतोच जुनी. सहाव्या शतकात कासिओदोरुस या मंत्र्यानं राजाच्या मेजासाठी याच भागातली सुकवलेल्या द्राक्षांची वाइन मागवल्याचं पत्र आजही वाचायला मिळतं. आमारोनेचा जन्म मात्र एका विसरलेल्या पिंपातून झाला असं सांगतात. रेचोतोचं पिंप कोपऱ्यात राहून गेलं, यीस्टनं निवांतपणे सगळी साखर फस्त केली, आणि 1936 साली तळघराच्या मुख्यानं ते उघडून चाखलं. गोडवा गायब, पण चव अशी की ओतून द्यायला हात धजेना. आता 2010पासून तिला इटलीतला सर्वोच्च दर्जा आहे.

चाखताना क्रम पाळा: आधी साधी वाल्पोलिचेल्ला, मग आमारोनेच्या चोथ्यावरून फिरवून घेतलेली रिपास्सो, मग आमारोने, शेवटी रेचोतो. उलट गेलात तर पहिली नुसती पाण्यासारखी लागेल. आणि समोर भांडं ठेवलेलं असतं ते थुंकण्यासाठी; लाजू नका, रात्री चार अंक जागं राहायचंय. अरेनात आकाशाकडेही लक्ष असू द्या, कारण पहिला थेंब पडताच वादक व्हायोलिनं उचलून आत पळतात.

वाइन अंगात कशी भिनते, हे ऐकू येऊ शकतं का? व्हर्दीच्या ‘फालस्टाफ’मध्ये (1893) येतं. नदीत बुचकळून आलेला, गारठलेला जाडजूड फालस्टाफ गरम वाइनचा घोट घेतो. वाद्यवृंदात एक बारीकशी थरथर सुरू होते, एका वाद्यातून दुसऱ्यात शिरते, आणि बघता बघता सगळी वाद्यं थरथरायला लागतात. मोझार्टचा डॉन जोव्हान्नी तर नरकात जाण्यापूर्वीच्या शेवटच्या जेवणात नाव घेऊन वाइन मागतो: मार्झेमिनो. व्हेरोनातून वाहणाऱ्या आदिजे नदीच्या वरच्या खोऱ्यात ती आजही होते, आणि प्यायल्यावर नरकात जावं लागत नाही.