शेजाऱ्याची लस आणि पाळण्यातील मूल

घोरावाडी-तळेगाव भागातील गोपालकांस लाळ-खुरकुताच्या लसीचा परिचय आहेच. चार महिन्यांखालील वासरास ही लस टोचीत नाहीत. तथापि गावातील बाकीची जनावरे टोचलेली असली तर रोगास त्या वासरापर्यंत वाट सापडणे कठीण होते. मनुष्यांच्या सांसर्गिक रोगांसही हाच न्याय लागू आहे.

गोवराचे पाहू. त्याची लस बालकास ९ महिने पूर्ण झाल्यावर व पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. आईकडून लाभलेले संरक्षण तत्पूर्वीच ओसरू लागलेले असते. गर्भवती स्त्रिया व कर्करोगावर औषधोपचार घेणारे रुग्ण यांस तर ही लस देताच येत नाही. जेथे कोणासच संरक्षण नाही तेथे गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांस रोग देतो. शंभरांत ९५ जण सुरक्षित असतील तर त्या १८ पैकी सरासरी एकासही लागण होत नाही आणि साथ विझते. ८० च सुरक्षित असतील तर तीन-चार जणांस होते, व पुढे वाढतच जाते.

मात्र साऱ्या गावाच्या सरासरीवर विसंबणे आम्हांस धोक्याचे वाटते. कुंपण एके ठिकाणी मोडले तरी गुरे तेथूनच शिरतात. २०२२ साली मुंबईत गोवंडीस, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरली, तीत मुले दगावली. लस न घेतलेली मुले ज्या वस्त्यांत दाटीने होती तेथेच तिने जोर धरला. नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण जेथे दहांशाहून अधिक होते, तेथे सहा महिन्यांपासूनच जादा मात्रा द्यावी, अशी शिफारस केंद्र सरकारला त्या नोव्हेंबरात करावी लागली.

मावळात असे खिंडार कोठे पडते? भातलावणीस, फुलांच्या हरितगृहांत व बांधकामांवर परगावाहून आलेल्या मजुरांच्या मुलांत. गाव बदलताना दुसरी मात्रा हुकते. अशी कुटुंबे ज्यांच्या शेतावर राहतात त्या बागाईतदारांनी मुलांची लसीकरणाची कार्डे पाहावी, आशाताईंस कळवावे, आणि लसीच्या दिवसाची मजुरी कापू नये. आपल्याच घरच्या तान्ह्यासाठी हा खर्च काही मोठा नव्हे.

धनुर्वात मात्र यास अपवाद होय. तो माणसापासून माणसास होत नाही. माती-शेणातून जखमेत शिरतो. तेथे शेजाऱ्याची लस कामास येत नाही. विळा-खुरपे हाती धरणाऱ्या प्रत्येकाने ती स्वतःच टोचून घ्यावी, व तिचा गुण कालांतराने उतरत असल्याने वैद्यांच्या सल्ल्याने पुन्हा घ्यावी.