संगणकातील ध्वनिसाधनाची चुकीची निवड : कारणे व उपाय

प्रस्तावना : प्रोजेक्टर जोडताच पडद्यावर चित्र उमटते, परंतु स्पीकरचा आवाज नाहीसा होतो, हा अनुभव अनेक अध्यापकांना येतो. स्पीकर बिघडला असे समजून तासिका वाया जाते व प्रसंगी अनावश्यक खर्चही होतो. भाषाविषयाच्या श्रवणचाचणीत तर विद्यार्थ्यांचे नुकसान होते.

कारणमीमांसा : १९८७ मध्ये आलेली व्हीजीए जोडणी केवळ चित्र वाहून नेत असे. २००२ मध्ये आलेली एचडीएमआय जोडणी मात्र चित्र व ध्वनी दोन्ही वाहून नेते. प्रोजेक्टरने ध्वनी स्वीकारण्याची क्षमता संगणकास कळविल्यास विंडोज प्रणाली पुष्कळदा आवाज तिकडेच वळविते. प्रोजेक्टरचा आवाज बंद वा क्षीण असल्यास वर्गात काहीच ऐकू येत नाही.

उपाययोजना : विंडोज ११ मध्ये टास्कबारवरील ध्वनिचिन्हावर क्लिक करावे. आवाजाच्या पट्टीशेजारील चिन्हातून साधनांची यादी उघडून त्यातील स्पीकर निवडावा. तरीही आवाज न आल्यास ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये त्या प्रोग्रामसाठी निराळे साधन निवडलेले आहे काय, हे पाहावे आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा.

निष्कर्ष : सारांश, आवाज बंद होताच प्रथम साधनाची निवड तपासावी, दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा.